सायकलची खांदशेकणी

किसनरावांच्या घरात माणसं पडत असत. शकुनच्या सासूबाई, जाईबाई, विहिरीच्या थारोळ्यापाशी पडल्या आणि त्यांचा एक कान कायमचा गेला. एक सालदार गोठ्यात पडला, त्याचे पुढचे दात गेले. शकुन स्वतः लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पडली आणि तिचं डावं मनगट मोडलं. चांदूर रेल्वेच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालताना विचारलं होतं, "कशी पडलीस गं?" तिच्या आधी तिच्या नवऱ्यानं, शेषरावांनी, उत्तर दिलं, "जिन्यावरून."

घराला तेव्हा जिना नव्हता. तो पुढं बांधला.

शेषराव जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. आता घरात होते नव्वदीला टेकलेले सासरे किसनराव, धाकटा दीर श्रावण आणि शकुनचा मुलगा नितेश. गाव पोहऱ्याच्या डोंगराला पाठ लावून बसलेलं. घरामागं गोठा होता, पण त्यात बैल नव्हते. एके काळी त्याच गोठ्यात शंकरपटाची जोडी उभी असायची; पांढरीशुभ्र, कातडीखाली शिरा दिसाव्या अशी. पट म्हणजे बैलांची शर्यत. पहाटे जोडीच्या घुंगरांचा आवाज आला की शकुनची झोप मोडायची, आणि ती पडून ऐकत राहायची. एवढं गोड त्या घरात दुसरं काही वाजत नसे. पट हरून आले की मात्र पुरुषमाणसं बोलत नसत. त्या रात्री बायका चुलीपासून हलत नसत, कारण चुलीजवळ विस्तव असतो आणि विस्तवाजवळ हात उगारायला माणूस थोडा कचरतो.

जोडी विकली, ट्रॅक्टर आला. गोठ्याच्या भिंतीवर खिळ्याला बैल टोचायची पराणी तेवढी लटकत राहिली. बांबूची, टोकाला लोखंडी आर असलेली. श्रावण येता-जाता तिच्यावरून हात फिरवायचा.

नितेशला बैलांचं वेड नव्हतं, पण रक्त तेच. त्याला डोंगर उतरायच्या सायकलीचं वेड लागलं. अमरावतीची पोरं रविवारी पोहऱ्याच्या पायवाटांवर सायकली घालायची, त्यांच्या नादानं. त्याला हवी होती ती सायकल पुढं-मागं दोन्हीकडं शॉक असलेली, फुल सस्पेन्शन. अकोल्याच्या एका दुकानदारानं ती चार दिवस चालवून पाहायला दिली होती. घ्यावी की नाही हे सांगायला नितेशनं अमरावतीहून संघपालला बोलावलं. संघपाल राज्य पातळीवर सायकल चालवून आलेला. अशा महागड्या सायकली घेणारे आधी त्याला विचारत. तो गाडी घेऊन डोंगरात जायचा, चार दिवस पिदडायचा आणि मग जे असेल ते सांगायचा. दुकानदारांना तो आवडत नसे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो पिकअपमधून सायकल उतरवत होता, तेव्हा श्रावण ओसरीत दात कोरत बसला होता.

"नाव काय म्हणे तुमचं?"

"संघपाल."

"पूर्ण नाव?"

"संघपाल तायडे." संघपालनं त्याच्याकडं सरळ पाहिलं. "झालं समाधान?"

श्रावण हसला आणि आत वळून ओरडला, "वहिनी, पाहुण्यायले चहा! कागदाच्या कपात आना, कपबशा धुवाले कोनी नाई आज."

शकुननं कपबशीतच चहा आणला. त्या कपाकडं श्रावणनं असं पाहिलं, की तिचं डावं मनगट आपोआप पदराखाली गेलं.

संघपाल मात्र चहा विसरून सायकलीभोवती फिरत होता. शकुनला त्याचं काम बघायला मजा वाटली. त्यानं नितेशला सायकलीवर बसवलं, भिंतीला धरायला लावलं, आणि शॉकवरची रबराची कडी किती सरकली ते पाहिलं. मग उंच पंपानं हवा भरली, परत बसवलं, थोडी सोडली. "तुज्या वजनाले ही अशी बसली पाहिजे," तो म्हणाला. "कमी हवा भरली तर खड्ड्यात बुडते, जास्त भरली तर उडवते." जोडी घेताना किसनराव असंच करायचे, बैलाच्या वशिंडावर तळहात दाबून उभे राहायचे, पुढचा पाय उचलायला लावायचे. म्हातारा खाटेवरून टक लावून बघत होता. त्याला ऐकू कमी यायचं, दिसायचं मात्र चांगलं.

दिवसभर डोंगरात झालं ते शकुननं शेतातून पाहिलं. एकच उतार संघपाल पुन्हा पुन्हा उतरायचा. एका खेपेला पुढचा शॉक कडक, दुसऱ्या खेपेला मऊ. दगडांच्या पायऱ्यांवरून चाकं स्वतंत्र वरखाली व्हायची आणि वरचा माणूस पाण्यावरून यावा तसा यायचा. नितेश मात्र गाडीला भांडल्यासारखा चालवायचा, वळणावर पाय टेकायचा, हँडलशी झोंबायचा.

संध्याकाळी चिखलानं लडबडलेली सायकल अंगणात धुताना संघपालनं सांगितलं, "गाडी लय साजरी हाय. चढाले हलकी, उताराले शांत. एक गोष्ट वाईट. मागच्या चाकात जागा कमी ठेवली त्याहिनं. आपली काळी माती त्याच्यात लोण्यासारखी गच्च बसते, चाक फिरत नाई."

"म्हणजे घेऊ?" नितेशनं विचारलं.

"तुले नाई जमायची अजून. एक वर्ष साध्या गाडीवर उतर. ही चुकीले माफी देते, म्हणून तुले वाटते का तू शिकला. मंग एक दिवस देत नाई."

श्रावणनं ऐकलं होतं. "आयकलं का नितेश? हे साहेब म्हनून राहिले तुले जमत नाई. तुया बापानं बिनवेसनीची जोडी पटात हाकली बे! अन् तुले दोन चाकं सांभाळाले शिकवाले हे आले. हे!"

"काकाजी, मी गाडीचं सांगतो, घराण्याचं नाई," संघपाल म्हणाला.

"घराण्याचं तू काय सांगशीन?"

मग संघपालनं चिंधी पिळली आणि नितेशला म्हणाला, "उद्या सकाळी मी गाडी तपासल्याबिगर हात लावू नको. आज ओली झाली, धूळमाती गेली सगळी आत. ब्रेक मी पाहीन, मंग पहिला उतार मी घेईन." त्यानं गाडी गोठ्यात भिंतीला टेकवून ठेवली. तो ओसरीतल्या पलंगावर झोपायचा होता. चिखलाची गाडी ओसरीत नको म्हणून श्रावणनंच गोठा दाखवला होता.

दिवेलागणीला घरात खांदशेकणीची वेळ झाली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तुपाहळदीनं शेकायचे, वर्षभराचं जू वाहून दुखलेले खांदे, आणि त्यांच्या कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. शकुन नवी सून होती तेव्हा जोडी अशी उभी राहायची डोळे मिटून, जणू त्यांना खरंच सगळं कळतंय. आता मातीचे बैल आणायचे, त्यांनाच बोट लावायचं. किसनरावांनी वाटी मागितली. शकुननं तूप कढवलं, हळद घातली, वाटी आणि पळसाची पानं त्यांच्या हातात दिली.

"मामंजी, दोनच बोटं लावजा. माती विरघळते," ती त्यांच्या चांगल्या कानात म्हणाली.

म्हातारा काठी टेकत गेला. बऱ्याच वेळानं परत आला तेव्हा वाटी रिकामी होती आणि चेहऱ्यावर कित्येक वर्षांत नव्हतं असं समाधान होतं. शकुनला बरं वाटलं. तिनं वाटी राखेनं घासून पालथी घातली.

सकाळी संघपाल आंघोळीला विहिरीवर गेला होता. श्रावण गोठ्याच्या दारात उभा राहून नितेशशी काही बोलला. काय, ते शकुनला ऐकू आलं नाही. फक्त शेवटी श्रावण हसला आणि नितेशचे कान लाल झाले. पुढच्या घटकेला पोरगा सायकल काढून डोंगराच्या वाटेला लागला. शकुन हातातली पुरणपोळीची कणीक तशीच घेऊन बाहेर आली. "अरे, त्यानं थांब म्हटलं ना!" नितेशनं मागं पाहिलं नाही.

चढाला ब्रेक लागत नाही. वर पोचेपर्यंत त्याला काहीच कळलं नसणार.

गुराख्याची आरोळी आधी आली. मग श्रावण आणि भावकीतले दोघे खाट घेऊन धावले. त्यांनी नितेशला आणलं तेव्हा शकुनला आधी फक्त त्याचे बूट ओळखू आले. तोंड उघडं होतं, पण त्यातून दात आणि रक्त वेगळं करता येत नव्हतं. उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडं वळला होता. दगडाच्या पायऱ्यांवरून सुटलेली गाडी त्यानं शेवटी बोरीच्या झुडपात घातली होती, पण झुडपाच्या आधी एक खडक होता.

"आई," तो म्हणाला, "दाबलं, दाबलं, थांबलीच नाई ना."

जिवंत होता. शकुननं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदर त्याच्या तोंडाशी धरला. कोणीतरी पिकअप आणायला पळालं. गुराख्यानं मागून सायकल आणून अंगणात टाकली, पुढचं चाक आठासारखं वाकलेलं.

संघपाल ओल्या केसांनी धावत आला. त्यानं आधी नितेशचे डोळे पाहिले, मान हलवू नका म्हणाला, दोन काठ्या मागवून पाय बांधला. मग तो सायकलीपाशी उकिडवा बसला, मागच्या चाकाच्या लोखंडी चकतीवर, जिच्यावर ब्रेक आवळतो तिच्यावर, बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं.

"हे कोनी केलं?" तो हळूच म्हणाला. "याच्यावर तेल..."

श्रावणची पहिली लाथ त्याच्या बरगडीत बसली.

"पोरगं मरून राहिलं अन् हा चाक पाहून राहिला! ब्रेक नसलेली गाडी देल्ली भोसडीच्यानं, अन् आता आमाले इचारते कोनी केलं!"

"काकाजी, मी सांगितलं होतं..."

"मुद्दाम देल्ली! काल जमत नाई म्हने ना? आज जमवून दाखवलं!"

भावकीतल्या दोघांनी संघपालचे हात मागं ओढले. संघपाल तगडा होता, एकाला त्यानं डोक्यानं ढकलून पाडलं. पण श्रावण तोवर गोठ्यातून पराणी घेऊन आला होता. बांबू हवेत वाजला. संघपालच्या कानावर बसला, मग खांद्यावर, मग चेहरा झाकायला वर घेतलेल्या हातांवर. बोटं मोडल्याचा आवाज शकुनला खाटेपर्यंत ऐकू आला. सुकी पऱ्हाटी, कापसाची काडी, मोडताना येतो तसा. कुंपणाबाहेर गाव गोळा झालं होतं. पोळ्याचा दिवस, सगळे नवे कपडे घातलेले. कोणी आत येत नव्हतं. किसनरावांच्या अंगणात काय होतं ते गावानं पिढ्यान् पिढ्या कुंपणाबाहेरूनच पाहिलं होतं.

"अजून सांग घराण्याचं!" श्रावण दर फटक्याला म्हणत होता. "सांग ना बे! सांग!"

पराणी त्यानं उलटी केली. आता आर खाली होती.

नितेशचं डोकं उशीवर ठेवून शकुन उठली. सायकलीवरून जाताना तिला वास आला. रक्ताच्या, चिखलाच्या, घामाच्या वासातून वेगळा निघालेला, तिच्या स्वतःच्या चुलीचा वास. कढवलेलं तूप आणि हळद. ती खाली वाकली. दोन्ही चाकांच्या चकत्या पिवळ्या होत्या. शॉकच्या सांध्यांवर, जिथं मागची दांडी फ्रेमला जोडली होती तिथं, चारही बाजूंनी पळसाच्या पानाचे तुपकट ठसे होते. हळुवार, एकाशेजारी एक.

"श्रावण!" ती ओरडली. "थांब! त्यानं नाई केलं!"

त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकलं तरी हात थांबला नाही.

तेवढ्यात गलका पाहून किसनराव काठी टेकत दारात आले. शकुननं त्यांना दंडाला धरून अंगणात आणलं आणि त्यांच्या कानात, पण साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मामंजी, सायकलले तूप कोणं लावलं?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्याची नजर खाटेकडं गेलीच नव्हती, कुंपणापाशी जमलेल्या गर्दीवरच होती.

"म्या लावलं! खांदे शेकले तिचे. कालचा दिवसभर डोंगर चढली थे, कोनं पाह्यलं तिच्याकडं? गोठ्यात पंधरा-वीस वर्सानं जित्राब उभं राह्यलं. आवतन बी देल्लं. अन् थ्या चाकातल्या चकत्या कोरड्या ठक्क होत्या, त्याले बी दाबून चोपडलं. जोडीच्या गाडीचा आख आमी कोरडा नाई ठेवला कदी."

भावकीतल्या दोघांनी संघपालचे हात सोडले. तो मातीत बाजूला कलंडला, मोडलेली बोटं पोटाशी धरून, आणि श्वास घेताना त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

श्रावण बापाकडं पाहत राहिला. शकुनला वाटलं, संपलं. तिला एवढ्या वर्षांनीही असं वाटू शकलं याचं पुढं तिला फार नवल वाटायचं.

"मंग यानं," श्रावण म्हणाला, आणि घसा खाकरला, "यानं गाडी गोठ्यात ठेवलीच काहून?"

त्यानं दोन्ही हातांनी पराणी वर उचलली, आर खाली करून, भाला धरावा तशी.

शकुनच्या हाताशी संघपालचा उंच पंप उभा होता. लोखंडी बुडाचा, चांगला जड. तिनं तो दोन्ही हातांनी धरला; डावं मनगट जुनं दुखलं, तरी धरला; आणि उखळात मुसळ घालणाऱ्या बाईच्या ताकदीनं श्रावणच्या गुडघ्यावर घातला. काहीतरी आत सरकलं. श्रावण ओरडला नाही, आधी चकित झाला. मग गुडघा भलत्याच बाजूला वाकला आणि तो खाली आला. पराणी त्याच्या हातून सुटून मातीत रुतली, संघपालच्या मानेपासून वीतभर अंतरावर.

"वहिनी!"

"उठला तर दुसरा बी मोडीन," शकुन म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "याले अन् नितेशले एकाच गाडीत घाला. बरोबर. एकाच गाडीत."

भावकीतल्या त्या दोघांनीच संघपालला उचललं. आता ते खाली बघत होते.

पिकअप अमरावतीच्या रस्त्याला लागली. मागं ताडपत्रीवर दोघं आडवे, मध्ये शकुन. एक हात नितेशच्या कपाळावर, दुसरा संघपालच्या छातीवर, धक्के बसू नयेत म्हणून. वाटेत गावागावातून सजवलेले बैल निघालेले, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. घुंगरांचा तोच आवाज. शकुनला तो या वेळी ऐकवेना.

नितेशला शुद्ध होती. फुटलेल्या तोंडानं तो म्हणाला, "संघपालदादा. गाडी कशी होती?"

संघपालचे डोळे मिटलेलेच होते. तसाच म्हणाला, "साजरी होती." रक्त गिळलं. "तू घेऊ नको."

पुढच्या सीटवरून भावकीतला एकजण मागं वळला. हाच मघाशी हात धरणाऱ्यांतला. खिडकीतून तोंड काढून म्हणाला, "काकू, श्रावणकाकाचा फोन आला व्हता. दवाखान्यात इचारतीन. दोघं बी सायकलीवरून पडले असं सांगजा म्हने. डबल सीट होते. तुमच्या पोराचंच बरं हाय त्याच्यात, केस-बिस नको. थे ॲट्रॉसिटी बिॲट्रॉसिटी लावतीन हे लोक."

संघपालनं आता डोळे उघडले होते आणि तो तिच्याकडं बघत होता. त्या बघण्यात विनवणी नव्हती. काल दिवसभर तो ज्या नजरेनं सायकलीकडं पाहत आला होता, तीच नजर होती ती. वजन टाकलं तर हे कुठपर्यंत दबेल, आणि परत वर येईल का.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. दोन स्ट्रेचर शेजारी शेजारी लावली. त्यांनी नितेशचा पाय पाहिला, मग संघपालचे हात, मग त्याच्या पाठीवरचे बांबूचे वळ. भुवया वर गेल्या.

"हे कसे पडले?"

भावकीतला तो पुढं झाला. "मॅडम, डोंगरावरून, सायकलवर दोघं..."

"तू चूप बस," शकुन म्हणाली.

तिच्या पातळावर दोघांचंही रक्त होतं, कुठलं कोणाचं ते आता कळत नव्हतं. तिनं डावं मनगट पदराखालून बाहेर काढलं, कारण दोन्ही हातांनी दाखवायचं होतं.

"हा माझा मुलगा. हा पडला." मग ती दुसऱ्या स्ट्रेचरकडं वळली. "हा पडला नाही. याला मारलं."

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. "कोणी?"

"श्रावण."

"पूर्ण नाव?"

शकुनला कालची सकाळ आठवली, ओसरीतला दात कोरणारा माणूस.

"श्रावण किसनराव भुयार. माझा दीर." मागं भावकीतल्या त्या दोघांपैकी कोणीतरी दाराकडं सरकल्याचा आवाज आला. "आणि थोड्या वेळानं तोच येईल इथं, गुडघा मोडलेला. त्यानं जिन्यावरून पडलो असं सांगितलं तर लिहू नका. तो गुडघा मी मोडला."